आ कर बघू!

शाळेत डॉक्टर येणार असले की वर्गात दोन तट पडतात. सुई टोचणार या धास्तीने रडवेली झालेली पोरं एकीकडे, गणिताचा तास बुडणार म्हणून खुशीत असलेली दुसरीकडे. मग हजेरीच्या क्रमाने नावं पुकारली जातात. चपला काढ, काट्यावर उभा राहा. हात पुढे कर, आता पालथे कर. आ कर बघू! जीभ, दात, टॉन्सिल पाहून होतात. केसांत बोटं घालून कानामागे उवा-लिखा शोधल्या जातात. अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढून डॉक्टर क्षणभर आत बघतात आणि शेजारच्या बाईंना काहीतरी लिहून घ्यायला सांगतात. तीन-चार मिनिटांत मूल पुढे सरकतं. मुंबईतल्या माहुलची शाळा असो की मेळघाटातली, क्रम साधारण हाच.

त्या पापणीपाशी थोडं थांबू. कातडी गोरी असो, सावळी असो, पापणीच्या आतलं अस्तर सगळ्यांचं सारखंच पारदर्शक असतं. त्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या डोळ्यांना दिसतात. तिथली लाली फिकी पडली की रक्त कमी असल्याची शंका घ्यायची. सुई नको, प्रयोगशाळा नको, खिडकीतला उजेड पुरे. सौम्य रक्तक्षय यातून निसटतो हे खरं, पण ज्या मुलाला तातडीने बघायला हवं ते बहुधा सापडतं. शरीराने स्वतःच ठेवलेली ही फट मला दर वेळी थक्क करते.

त्याहून थक्क झालो ते या तपासणीचा इतिहास चाळताना. रंगांधळेपणा ओळखण्यासाठी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक दाखवतात, ज्यात कुणाला ७४ दिसतो, कुणाला २१, कुणाला काहीच नाही. ते शिनोबु इशिहारा या जपानी लष्करी डॉक्टरने सैन्यभरतीसाठी तयार केलं आणि १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना प्रसिद्ध केलं. आणि मुळात सरकारने शाळेत डॉक्टर पाठवावा ही कल्पनाच एका युद्धाच्या चटक्यातून पसरली.

१८९९ ते १९०२ या काळात इंग्रज दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी लढत होते. भरतीसाठी कारखान्यांच्या गावांतले तरुण रांगा लावून आले आणि डॉक्टरांनी त्यांना ढिगाने परत पाठवलं. दात किडलेले, छाती अरुंद, पायांत मुडदुशीचं वाकडेपण. साम्राज्य हादरलं. चौकशी समिती नेमली गेली, १९०४ मध्ये तिचा अहवाल आला, आणि १९०७ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. मुलांच्या दातांची काळजी सरकारला वाटू लागली ती अशी, बंदुकीच्या वाटेने.

पण या कायद्यात एक मेख होती. तपासणी सक्तीची होती, उपचार मात्र स्थानिक मंडळांच्या मर्जीवर सोडलेले. डॉक्टर दोष शोधत, वहीत लिहीत, पालकांना चिठ्ठी देत. चिठ्ठी घेऊन मूल घरी जाई आणि पुढच्या तपासणीला पुष्कळदा तोच किडका दात घेऊन परत येई. १९१४ साली महायुद्ध पेटलं तेव्हा शाळांचे डॉक्टरही आघाडीवर गेले. शेवटी १९१८ च्या शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळेतल्या मुलांवर उपचाराची सोय करणं हे कर्तव्य ठरवलं. 'तपासलं' आणि 'बरं केलं' यांच्यामध्ये अकरा वर्षं आणि एक महायुद्ध गेलं. तपासायला एक डॉक्टर आणि एक वही पुरते. बरं करायला दूध, औषध, चष्मा, घर, कधीकधी अख्खं गाव लागतं. पुढची सगळी गोष्ट या दोन शब्दांमधल्या अंतराची आहे.

आपल्याकडे शालेय तपासणीची पहिली नोंद १९०९ ची, बडोद्याची. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं होतं आणि १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केलं. तिथे युद्धाचा संबंध नव्हता. मुलाला सक्तीने शाळेत बसवायचं तर त्याला फळा दिसतो का हेही बघायला हवं, असा साधा हिशेब असावा असं मला वाटतं.

आता कोल्हापूरला जाऊ. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर वळिवडे नावाचं गाव आहे. शेजारचं गांधीनगर आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी ओळखलं जातं. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले. पण त्यांच्याही आधी, जुलै १९४३ पासून १९४८ पर्यंत, याच माळावरच्या बराकींमध्ये सुमारे ५,००० पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकाचा रंगमंच होता आणि इस्पितळ होतं.

ती तिथवर पोचली कशी? सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली गेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, पोलंड-रशिया करार झाला आणि या कैद्यांना सोडण्यात आलं. १९४२ मध्ये त्यातले एक लाखाहून अधिक लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. टायफस, हगवण, हिवताप, खुपऱ्या, खरूज सगळं बरोबर घेऊन. किनाऱ्यावर छावणीचे दोन भाग होते, एक 'घाण' आणि एक 'स्वच्छ'. मधल्या वाटेवर डोकी भादरली जात, कपडे जाळले जात, अंगं धुतली जात. टायफस उवांतून पसरतो. म्हणून केस गेले. मुलींनी त्यासाठी किती अश्रू ढाळले असतील ते सांगायला नको.

पहलवीतली सर्वांत विलक्षण गोष्ट अन्नाची. दोन वर्षं उपाशी असलेल्या माणसांना भरपूर द्यावं म्हणून छावणीत मटणाचं तेलकट सूप, डब्यातलं मांस वाटलं गेलं. लोक खाऊन आजारी पडले, काही दगावले. दयाच बाधली म्हणायची.

यामागचं शरीरशास्त्र नंतरच्या वर्षांत उलगडत गेलं. उपाशी शरीर साखर सोडून चरबीवर तग धरायला शिकतं. पेशींमधलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम हळूहळू संपत येतं, पण रक्तातलं प्रमाण शरीर कसंबसं राखून ठेवतं. म्हणजे रक्त तपासलं तरी सारं ठाकठीक दिसावं! अशा वेळी भाकरी, भात, गोड असं काही एकदम पोटात गेलं की इन्शुलिन उसळतं. पेशी साखर ओढतात आणि ती वापरायला लागणारं फॉस्फेटही रक्तातून ओढून घेतात. रक्तातला साठा काही तासांत किंवा दिवसांत तळाला जातो. हृदयाचे ठोके चुकतात, छातीचे स्नायू श्वास ओढेनासे होतात. हगवणीने आतडी आधीच झिजलेली असली तर तेलकट जेवण वेगळाच घाला घालतं. पहलवीत कोण कशाने गेलं याचा निवाडा आता कोण करणार?

आज मेळघाटासारख्या भागातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात अतिकुपोषित मूल आणलं तर त्याला पहिले काही दिवस मुद्दाम कमी देतात. त्यासाठीच्या खास दुधाला एफ-७५ म्हणतात, कारण १०० मिलीलिटरमध्ये ७५ किलोकॅलरीच असतात. प्रथिनं कमी, मीठ कमी, दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं. मूल पांढरंफटक असलं तरी सुरुवातीला लोहही देत नाहीत. बघणाऱ्या आजीला वाटतं, काय हा कंजूषपणा. पण भुकेल्या पोराला पोटभर न वाढणं हेच तिथे औषध असतं.

पहलवीत उतरलेल्यांपैकी काहीजण पुढे वळिवड्याला पोचले. हिंदुस्थानात आलेली पोलिश मुलांची पहिली तुकडी मात्र समुद्रमार्गे आलीच नव्हती. मुंबईतल्या पोलिश वकिलातीने सोव्हिएत हद्दीतल्या अश्गाबातच्या अनाथाश्रमाकडे मदतीचं सामान घेऊन ट्रक पाठवले आणि परतीच्या वाटेवर दीडशेहून अधिक मुलं भरून आणली. मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा डोंगर-वाळवंटांचा रस्ता. सोबतीला हांका ऑर्डोनुव्हना होती, पोलंडची लाडकी गायिका आणि नटी, जी स्वतः क्षयाने आजारी होती. एप्रिल १९४२ मध्ये मुलं मुंबईत पोचली आणि वांद्र्याला राहिली. खाऊपिऊ घालून, औषधपाणी करून, अंगावर जरा मूठभर मांस चढवून जुलैमध्ये त्यांना जामनगरजवळच्या बालाचडीला पाठवलं. तिथे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना आश्रय दिला होता. या साऱ्या खटपटीत पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी आणि मुंबईतल्या पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी कीरा बानासिंस्का पुढे होत्या. त्या पुढे भारतातच राहिल्या.

वळिवड्याला मग एक गोष्ट आपोआप जुळून आली, जी इंग्लंडला जुळवायला अकरा वर्षं लागली होती. शाळा, स्वयंपाक, झोपण्याची जागा आणि इस्पितळ एकाच कुंपणात. मूल वर्गात खोकलं तर डॉक्टर बराकींच्या पलीकडे. दुखणं सापडलं तर चिठ्ठी घेऊन घरी जायचा प्रश्नच नाही, कारण घरही तिथेच.

तरीही १९४३ ची औषधपेटी आठवून बघा. हिवतापावर कोयनेल, पण जगातलं बहुतेक सगळं कोयनेल जावा बेटातून येई आणि जावा मार्च १९४२ मध्ये जपान्यांच्या हाती पडलं होतं. सल्फाची औषधं नवी होती. पेनिसिलीन लष्करासाठी राखलेलं. क्षयावर तर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध अमेरिकेत त्याच वर्षी लागला, पण ते इथवर यायला वेळ होता. त्यामुळे दुबळ्या फुफ्फुसांच्या मुलांना पाचगणीला पाठवत. पाचगणी तेव्हा क्षयरोग्यांचं ठिकाण होतं, डॉ. रुस्तम बिलिमोरियांनी तिथे १९१२ मध्येच बेल-एअर आरोग्यधाम उभारलं होतं. उपचार म्हणजे हवा, विश्रांती, दूध, अंडी आणि वाट पाहणं.

माहुलच्या कोळीवाड्याला ओळखीचा वाटेल असा एक धागा इथेच सापडतो. त्या काळी अशक्त मुलांसाठी हमखास सांगितलं जाणारं औषध म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल. ते नॉर्वेहून येई. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे घेतला आणि पुरवठा आटला. मग हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर शोध सुरू झाला आणि उत्तर सापडलं ते शार्कच्या पोटात. मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई इलाख्यात युद्धाच्या वर्षांत शार्कच्या यकृताचं तेल काढलं जाऊ लागलं. अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते कॉडच्या तेलापेक्षा कितीतरी सरस निघालं. ज्या मुशीचं कालवण कोळ्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिजत होतं, त्या कुळातल्या माशांचं यकृत आता रातांधळ्या मुलांच्या डोळ्यांचं औषध झालं. आपल्या डोळ्यातला मंद उजेड टिपणारा रंगद्रव्याचा रेणू अ जीवनसत्त्वाशिवाय बनतच नाही. ते कमी पडलं की दिवेलागणीला मूल ठेचकाळू लागतं. तेलाचा वास मात्र असा की नाक दाबूनच प्यावं!

खरजेची गोष्टही सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३९ मध्ये बाँबच्या भीतीने इंग्लंडातल्या शहरी मुलांना खेड्यांत हलवलं तेव्हा यजमान बायांनी पोरांच्या अंगावरची खरूज बघून कपाळाला हात लावला. समजूत अशी की खरूज अंथरूण-पांघरुणातून पसरते. म्हणून लष्कर गाड्याच्या गाड्या घोंगड्या वाफवत होतं. शेफील्डमध्ये केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने स्वयंसेवक जमवले आणि त्यांना खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या घोंगड्यांत उघड्या अंगाने झोपवलं, त्यांची अंतर्वस्त्रं घालायला लावली. बहुतेकांना काहीच झालं नाही. खरूज पसरत होती ती मुख्यतः अंगाला अंग लागून. आणि पूर्ण अंग खाजून सोलवटणाऱ्या रोग्याच्या कातडीत मादी किडे सरासरी किती सापडले? अकरा-बारा! घोंगड्या वाफवणं थांबवून सगळ्या घराला एकदम मलम लावणं, हा त्यातून निघालेला शहाणपणा आजही आश्रमशाळांत कामी येतो.

हे स्वयंसेवक कोण होते, तर युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले तरुण. लगेच दुसरी आठवण येते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून, मग त्यांना पुन्हा कसं जेवू घालावं याचा अभ्यास केला. तेही युद्धाला नकार देणारेच. आणि तिसरी, नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धातली, १९६७ ते १९७० मधली. तिथे हजारो भुकेली मुलं पटापट तपासायची होती, वजनकाटे नव्हते, मुलांची वयं कुणाला ठाऊक नव्हती. शांततावादी क्वेकर पंथाच्या पथकाने एक काठी वापरली. तीवर उंचीचे आकडे नव्हतेच. त्या जागी दंडाच्या घेराचे आकडे होते. समजा मुलाचा दंड १३ सेंटीमीटर भरला. काठीवर १३ ची खूण बघायची. मुलाचं डोकं त्या खुणेच्या वर गेलं तर उंचीच्या मानाने दंड बारीक, मूल कुपोषित. गणित करायचं काम काठी करून बसलेली! आज अंगणवाडीताईंच्या हातात दिसणारी लाल-पिवळी-हिरवी पट्टी याच कुळातली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेला की लाल. ज्यांनी लढायला नकार दिला त्यांनी मुलांच्या वैद्यकाला इतकं द्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. सैन्याने डोळे तपासायला शिकवलं, आणि जेवू कसं घालावं ते सैन्यात न गेलेल्यांनी.

वळिवड्याची छावणी सुरू होऊन तीन महिने झाले असतील, तोच ऑक्टोबर १९४३ मध्ये दिल्ली सरकारने देशाच्या आरोग्याचा आढावा घ्यायला समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर, जन्माने नाशिकचे. १९४६ च्या त्यांच्या अहवालात शाळकरी मुलांच्या आरोग्यसेवेबद्दलचा निष्कर्ष कोरडा आहे: देशात ती जवळजवळ नाहीच. त्यावरून पाहता, पोलिश मुलांच्या कुंपणाबाहेर हातकणंगले-करवीरच्या शाळांत बसणाऱ्या पोरांची पापणी ओढून बघणारं कुणी नसावं.

पुढे समित्या झाल्या, कार्यक्रम झाले. आजचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी, पथकात डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता, आणि दोष सापडला तर पुढच्या केंद्रात मोफत उपचार, अगदी हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत. चिठ्ठी देऊन मोकळं व्हायचं नाही, हे निदान कागदावर तरी पक्कं झालं.

त्याच २०१३ साली केईएम रुग्णालयाच्या पर्यावरण प्रदूषण संशोधन केंद्राने माहुल आणि परिसरात श्वसनाच्या तक्रारींची पाहणी केली. माहुल म्हणजे एका अंगाला खाडी, चिखलात उतरणारे रोहित पक्षी, आणि दुसऱ्या अंगाला १९५० च्या दशकापासून उभे असलेले तेलशुद्धीकरणाचे मनोरे आणि रसायनांच्या टाक्या. पाहणीत ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं. डोळ्यांची जळजळ ८६.६ टक्के लोकांना. हे आकडे साऱ्या वयाच्या लोकांचे आहेत, फक्त मुलांचे नाहीत. पण शाळेतल्या तपासणीची मर्यादा इथेच लक्षात येते. दमा असलेल्या मुलाची छाती दोन झटक्यांच्या मधल्या काळात अगदी स्वच्छ वाजू शकते. सकाळी अकरा वाजता स्टेथोस्कोप लावून काही सापडत नाही. आईला विचारायला हवं: पहाटे खोकतो का? पळाल्यावर बसतो का? आणि तिने हो म्हटलं, पंप लिहून दिला, तरी मूल संध्याकाळी त्याच हवेत परत जाणार. वळिवड्याच्या डॉक्टरांना पाचगणी होती.

गावकऱ्यांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. डिसेंबर २०१५ च्या निकालात लवादाने केईएमची पाहणी समोर ठेवून इथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. तरीही त्यानंतर तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या तेव्हा त्या हजारो कुटुंबांना आणून वसवलं ते माहुलमध्येच. ती कुटुंबं उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, यांच्यावर माहुलला राहायची सक्ती करू नका. दुसरीकडे घर देईपर्यंत महिन्याला १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या. तपासणी केईएमच्या डॉक्टरांची, उपचाराची चिठ्ठी न्यायाधीशांची, आणि चिठ्ठीवर औषधाच्या जागी घरभाडं. शालेय वैद्यकाच्या शंभर वर्षांत असा कागद क्वचितच कुणी लिहिला असेल. तो जलवाहिनीलगतच्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांपुरता होता. ज्यांनी आधी लवादाचं दार ठोठावलं, ती माहुल गावातली जुनी घरं त्यात बसत नव्हती.